भोगीपासून उलटं मोजा: गच्चीवरची थंडीची भाजी

दरवर्षी दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, आता थंडी पडली, गाजर-फ्लॉवर लावू का? लावा की, पण मग गाजरं हातात येणार फेब्रुवारी संपता संपता आणि तोवर पुण्यात दुपारी पंखे सुरू झालेले असतात. थंडीच्या भाज्या खायच्या थंडीत असल्या तरी त्यांची तयारी मात्र ऑक्टोबरच्या घामातच करायची असते. मी पुण्यात धायरीत राहते, गच्चीचा साधारण १० बाय १२ फुटांचा एक कोपरा सोसायटीने बऱ्याच कुरकुरीनंतर वापरायला दिलाय आणि गेली सहा वर्षं तिथे माझी लुटूपुटूची शेती चालू आहे. पहिली दोन वर्षं नुसत्या तारखा चुकवल्या, खत-पाणी-ऊन सगळं बरोबर आणि तरी हातात काही नाही. मग एक युक्ती सापडली.

युक्ती म्हणजे भोगी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण ती मिसळीची भाजी करतो ना, गाजर, वांगं, पावटा, सोलाणे, मटार, तिळाचा कूट घालून आणि सोबत बाजरीची भाकरी, ती भाजी शक्य तेवढी गच्चीवरच्या मालाची करायची असं ठरवा आणि १३ जानेवारीपासून कॅलेंडर उलटं मोजत या. गाजराला पेरल्यापासून ९५-१०० दिवस लागतात, म्हणजे ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मातीत गेलं पाहिजे. वांग्याचं रोप तयार व्हायला महिना आणि लावल्यावर पहिलं वांगं यायला अजून सत्तरेक दिवस, म्हणजे बी टाकायचं सप्टेंबरच्या शेवटी, नाहीतर नर्सरीतून तयार रोप आणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत लावायचं. हरभरा ओला खायचा तर ८०-९० दिवस, तो १५ ते २५ ऑक्टोबरच्या दरम्यान टोकायचा, पावटाही त्याच्याबरोबरच पण बुटक्या झुडपाचा घ्या, वेलाचा घेतला तर तो गच्चीची डिश अँटेना धरून बसतो. मटार सगळ्यात शेवटी, आर्केलसारखी लवकर येणारी जात ६०-६५ दिवसांत पहिल्या शेंगा देते म्हणून दिवाळीच्या आसपास लावली तरी चालते. बोरं, ऊस आणि तीळ मात्र मंडईतूनच आणायचे, तिथे उगाच अभिमान नको.

आता जागा. उन्हाळ्यात जिथे झकास ऊन येतं तिथेच थंडीतही येईल असं धरून चालू नका, मी हीच चूक केली होती. मे महिन्याच्या मध्यात पुण्यात भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तोच सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर, दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे दक्षिणेला ३० मीटर उंच बिल्डिंग उभी असेल तर ती भर दुपारी साधारण २७ मीटर लांब सावली टाकते, सकाळ-संध्याकाळ तर विचारूच नका. उत्तरेच्या बाल्कनीला या दिवसांत थेट ऊन मिळतच नाही, तिथे टोमॅटोचा हट्ट सोडा, फार तर कांद्याची पात-पुदिना करा. उलट दक्षिणेची बाल्कनी, जी उन्हाळ्यात कोरडी सावलीत असते, तिथे थंडीत ऊन थेट आतपर्यंत येतं. पालेभाज्यांना ४ तास ऊन पुरतं, फळभाज्यांना निदान ६ तास हवं. आत्ता ऑक्टोबरात ऊन कुठे आहे ते बघून सावली अजून लांबणार हे लक्षात ठेवून कुंड्या मांडा.

मातीबद्दल जरा जास्त बोलते कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. पावसाळ्यात चार महिने कुंड्यांतली माती धुपून धुपून नुसता चोथा उरलेला असतो, त्यात लगेच बी टाकू नका. नवरात्रात, पाऊस जरा थांबला की, सगळ्या कुंड्या गच्चीवर उलट्या करायच्या, ढेकळं फोडायची, जुनी मुळं आणि हुमणीच्या पांढऱ्या गुबगुबीत अळ्या वेचून टाकायच्या आणि माती पातळ पसरून आठ-दहा दिवस ऑक्टोबर हीटमध्ये चांगली तापू द्यायची. ऑक्टोबर हीटचा एवढाच काय तो उपयोग. परतीचा पाऊस येतोच मध्ये कडमडायला, त्यामुळे प्लास्टिकचा कागद हाताशी ठेवा. मग त्यात शेणखत किंवा घरचं कंपोस्ट मिसळायचं, माझं प्रमाण म्हणजे दोन घमेली माती, दोन घमेली कुजलेलं खत, एक घमेलं भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. आपल्याकडची काळी माती नुसती वापरू नका, ओली असताना चिखल आणि वाळली की भेगा, गाजर बिचारं त्यात जाणार कुठे. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, हातात घेतल्यावर मातीचा वास आला पाहिजे, शेणाचा नाही.

गच्चीवर वजनाची भीती असते म्हणून मी मोठ्या कुंड्यांच्या तळाला तिसरा हिस्सा उसाची चिपाडं भरते, जवळचा रसवंतीवाला आनंदाने पोतंभर देतो. फक्त ती ताजी चिपाडं कुजताना मातीतलं नत्र खातात आणि झाडं पिवळी पडतात, हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलंच नाही, म्हणून चिपाडांवर शेणखताचा एक थर द्यायचाच. पालापाचोळा तर फुकट, आपल्याकडे लोक थंडीत सकाळी सकाळी रस्त्याच्या कडेला तो जाळत बसतात आणि सगळ्यांना खोकवतात, त्यापेक्षा झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवा. आणि कुंड्या डायरेक्ट स्लॅबवर नकोत, विटांवर नाहीतर स्टँडवर ठेवा, खालच्या मजल्यावर ओल उतरली की सगळी बाग बंद व्हायची वेळ येते, मी भोगलंय ते.

बियाण्यासाठी लांब जायची गरज नाही, मेथी, हरभरा, लसूण, कांदे सगळं स्वयंपाकघरातच असतं. धनेही असतात पण किराणातले कधी कधी फार जुने निघतात. शंका असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, सात-आठ रुजले तर बी चांगलं. नवरात्रात घट बसवतो तेव्हा मातीत धान्य पेरून आपण नऊ दिवस तेच तर बघत असतो. बाकी गाजर, पालक, मुळा, नवलकोल, फ्लॉवर यांची पाकिटं घ्यावी लागतात, त्यावरची तारीख बघून घ्या, आणि बी गुलाबी-निळं रंगवलेलं दिसलं तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, पेरून झालं की हात साबणाने धुवा आणि ते पाकीट मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता कोणाची रोपं करायची आणि कोणाचं बी डायरेक्ट टाकायचं यात गोंधळ होतो. टोमॅटो, वांगं, मिरची, कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांची रोपं आधी ट्रेमध्ये किंवा कागदी कपात करायची आणि चार-पाच पानांवर आली की हलवायची, तेही संध्याकाळी, आणि दोन-तीन दिवस सावलीत ठेवायची. गाजर, मुळा, बीट, मटार, हरभरा आणि सगळ्या पालेभाज्या जिथे वाढणार तिथेच पेरायच्या. गाजर उपटून दुसरीकडे लावलं की त्याला दोन पाय फुटतात, मातीत खडे असले किंवा खत कच्चं असलं तरी तेच. तयार रोपं आणणार असाल तर एक गंमत सांगते, एका नर्सरीतून मी फ्लॉवरची म्हणून सहा रोपं आणली, दोन महिने जिवापाड जपली आणि जानेवारीत सहाच्या सहा कोबी निघाले. लहानपणी दोघांची पानं सारखीच दिसतात, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं.

मेथीपासून सुरुवात करा, नवख्या माणसाला तिच्याइतकं पटकन यश कोणी देत नाही. रात्रभर भिजवलेले दाणे टोमॅटोच्या क्रेटमध्ये शेडनेट अंथरून ५-६ इंच माती भरून त्यावर दाट पसरायचे, वरून बोटाच्या पेराएवढी माती, झारीने पाणी. तीन-चार दिवसांत कोंब, २५-३० दिवसांत भाजी. पण एकदम पेरू नका! एका दसऱ्याला उत्साहाच्या भरात मी पाचही क्रेट एका दिवशी पेरले आणि नोव्हेंबरात आठवडाभर घरात मेथीची भाजी, मेथीचे पराठे, मेथीचं पिठलं, शेवटी सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, थोडी थोडी पेरायचीस ना, मेथी काय पळून जाणार होती का.’ तेव्हापासून दर दहा दिवसांनी एकच क्रेट. डिसेंबरात थंडी वाढली की तीच मेथी आठवडाभर जास्त घेते, घाबरू नका. कोथिंबिरीचे धने लाटण्याने हलके रगडून दोन फाळ्या करायच्या, अख्खा पेरला तर उगवण फारच रडत होते, आणि तशीही ती उगवायला ८ ते १२ दिवस घेते, पाचव्या दिवशी माती उकरून बघू नका. पालक एकदा लावा आणि बाहेरची पानं खुडत राहा, मधला गाभा ठेवला तर तीन-चार वेळा मिळतो. ही झाली नेहमीची मंडळी, पण माझं ऐकाल तर एक क्रेट चाकवताला आणि एक करडईला द्या, कारण ताजा चाकवत आणि कोवळी करडई आता मंडईतही रोज दिसत नाही, आणि ताकातला चाकवत गरम भाकरीबरोबर म्हणजे, जाऊ दे, आत्ता अकरा वाजलेत आणि मला भूक लागलीये. चाकवताचं बी अगदी बारीक असतं, वाळूत मिसळून भुरभुरायचं, वर माती जवळजवळ नाहीच.

गाजराचं बीसुद्धा तसंच वाळूत मिसळून, १२ इंच खोल कुंडीत किंवा ग्रो बॅगेत, अर्धा सेंटीमीटरपेक्षा खोल नाही. ते उगवायला दोन आठवडेही घेतं आणि तेवढे दिवस वरची माती सुकता कामा नये, म्हणून ओलं गोणपाट झाकून ठेवायचं आणि पहिला हिरवा धागा दिसला की त्याच दिवशी काढायचं. मग विरळणी. इथे सगळ्यांचा जीव कळवळतो, उगवलेलं रोप कसं उपटायचं, पण दोन इंचावर एक एवढंच ठेवा, नाहीतर जानेवारीत गाजराऐवजी लाल दोऱ्या निघतील. मुळ्याचं तसं नाही, तो साधा सरळ, ४०-४५ दिवसांत तयार, पुसा चेतकी नावाची जात तर ऑक्टोबरच्या गरमीतही येते. बिटाचं एक बी म्हणजे खरं तर बियांचा झुबका असतो, एका जागी तीन-चार रोपं आली की एकच ठेवा.

हरभऱ्याचं एक सांगायलाच हवं. महिन्याभराचा झाला की त्याचे शेंडे खुडायचे, त्याने त्याला जास्त फांद्या फुटतात आणि आपल्याला हरभऱ्याची भाजी मिळते, ती वाळवूनही ठेवता येते. पानांवर जी आंब असते ना, बोटांना लागते ती, त्यामुळे खुडून झालं की बोटं चाटायची असतात, आमच्या आजीचा नियम. हरभऱ्याला पाणी कमी, रोज लाड केलेत तर मर लागून वाळून जाईल. मटाराला मात्र जाळी किंवा काटक्यांचा आधार हवा आणि खरं सांगायचं तर गच्चीवर मटार पोटभर मिळत नाही, १०-१२ वेलांतून एका वेळी वाटीभर दाणे. सासवडकडचा मटार मार्केट यार्डात ढिगाने येतो त्याच्याशी बरोबरी नाहीच. पण तोडल्यावर मटारातली साखर तासातासाने पिठूळ होत जाते, त्यामुळे वेलावरून काढून तिथेच उभ्या उभ्या सोलून खाल्लेला दाणा बाजारात कितीही पैसे टाकलेत तरी मिळणार नाही.

टोमॅटोला १२ ते १४ इंची कुंडीत एकच रोप, खोडाचा खालचा भाग मातीत दाबून लावा, तिथून मुळं फुटतात. काठी लावतानाच रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात. फुलं आली की सकाळी ऊन चढल्यावर फांदीला हलकी टिचकी मारायची, वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमी येतात, टिचकीने परागकण पडतात आणि फळ धरतं. टोमॅटोचं बूड काळं पडलं तर तो रोग नाही, झाडाला कॅल्शियम पोचलेलं नसतं आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एक दिवस पूर आणि तीन दिवस दुष्काळ असं आपलं पाणी देणं असतं. अंड्याची टरफलं टाकून पुढच्या आठवड्यात काही होत नाही, ती विरघळायला महिने लागतात, पाणी सुधारा. फ्लॉवरलाही १२ इंची कुंडीत एकच रोप, आणि मध्ये पांढरा गड्डा लिंबाएवढा दिसायला लागला की वरची पानं सुतळीने सैल बांधून त्यावर सावली करायची, उघडा राहिला तर उन्हाने पिवळा पडतो. जागा कमी असेल तर कोबी-फ्लॉवरपेक्षा नवलकोल लावा, लहान कुंडीत येतो आणि पानंही खाता येतात.

लसणाच्या पाकळ्या टोक वर करून दोन-तीन इंचावर खोचा, तीन-चार आठवड्यांत पात मिळायला लागते. गड्डा हवा असेल तर पात कापू नका, चार महिने थांबा. मी थांबत नाही.

पाणी सकाळीच. रात्री पानं ओली राहिली की ढगाळ हवेत भुरी, म्हणजे पानांवर पांढरी बुरशी येते, मटारावर तर हमखास. रोज घालायचं का? बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा, ओल लागली तर नाही घालायचं, एवढंच. डिसेंबरात शिवाजीनगरचा पारा ८-१० अंशांवर उतरतो तेव्हा कुंड्या चटकन सुकत नाहीत आणि आपण सवयीने ओतत राहतो, मग मुळं कुजतात. खत म्हणून पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत बास, टोमॅटोला शेणखताचा मारा केला तर नुसती पानं माजतात.

किडींचं म्हणाल तर थंडीत मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, ठरलेला, कोबीच्या पानामागे करडा थर दिसला की पाण्याचा जोरदार फवारा मारून धुऊन काढा. राहिलाच तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीम ऑइल आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, संध्याकाळी, पानाच्या खालून, आणि आठवड्याने परत. उन्हात मारलंत तर पानं भाजतील. कोबीच्या कुंड्यांच्या कडेला मोहरी पेरून ठेवा, अळीचे पतंग अंडी घालायला आधी मोहरीवर जातात, ती मोहरी मग उपटून टाकता येते. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकून बसला तर आत अळी आहे, तो चार बोटं खालून कापून पिशवीत बंद करून कचऱ्यात द्या, कुंडीतच टाकला तर अळी परत वर चढते. पण एवढ्या सगळ्यात माझा खरा शत्रू कबुतरं. कोवळे कोंब एका सकाळीत सफाचट करतात, सीडी लटकवून, घुबडाचा पुतळा ठेवून काही होत नाही (त्या घुबडाच्या डोक्यावर कबूतर बसलेलं मी पाहिलंय), बारीक जाळीच लावा, पेरल्याच्या दिवशीच.

काढणीत आपण लोभाने उशीर करतो, अजून जरा मोठं होऊ दे म्हणून. मुळा तयार झाल्यावर आठ दिवस जमिनीत राहिला की आत पोकळ आणि जून, नवलकोल टेनिसच्या चेंडूएवढा झाला की काढा, नाहीतर लाकूड. फ्लॉवर घट्ट असतानाच, दाणे सुटे दिसायला लागले की उशीर झालाच. वांगं चकाकतंय तोवर, चकाकी गेली की आत बिया. गाजराच्या डोक्याजवळची माती बोटाने सारून बघा, अंगठ्याएवढं जाड दिसलं की आदल्या संध्याकाळी पाणी घालून सकाळी उपसा, कोरड्या मातीतून ओढलंत तर पाला हातात आणि गाजर खाली. कोबीचा गड्डा टणक लागला की लगेच, त्यावर एकदम भरपूर पाणी पडलं तर तो मधून उकलतो. टोमॅटो गुलाबीसर झाला की काढून घरात ठेवला तरी चालतो, कडाक्याच्या थंडीत वेलावर तो हिरवाच अडून बसतो, स्वयंपाकघरात २०-२५ अंशांत छान लाल होतो, फ्रिजमध्ये मात्र नाही. शेंगा काढताना एका हाताने वेल धरा, दुसऱ्याने शेंग. पालेभाजी सकाळी लवकर खुडा, दुपारी खुडलेली तासाभरात मान टाकते.

फेब्रुवारीच्या मध्यानंतर पालक-कोथिंबिरीला तुरे यायला लागतात आणि पानं कडसर होतात, तेव्हा मोह न ठेवता उपटून कंपोस्टमध्ये टाका, मार्चला भेंडी-गवार-काकडीला जागा लागणार आहेच. फक्त दोन-तीन मुळे मुद्दाम जमिनीत राहू द्या. त्यांना पांढरी-जांभळी फुलं येतील, मग बारीक हिरव्या डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, धरतील, त्या कोवळ्या असतानाच तोडायच्या, फोडणीत लसूण-हिरवी मिरची टाकून परतायच्या, वरून दाण्याचा कूट. एका डब्याला पुरतील एवढ्या निघतात.